स्टेबल सर

धडगावात कुणाचं माणूस दवाखान्यात असलं आणि ‘आता कसं आहे?’ असं विचारलं, तर लोक बरं आहे म्हणतात, तसंच आहे म्हणतात, देवाच्या हाती आहे म्हणतात. ‘स्टेबल आहे’ असं मात्र म्हणत नाहीत. निदान मी तिथं होतो तोवर तरी म्हणत नव्हते. सर कुठून ऐकत असतील याचा नेम नसे.

सर इंग्रजी शिकवायचे. उंच, किडकिडीत, मान किंचित पुढे आलेली, चेहरा लांबट. त्या चेहऱ्याबद्दल सातवी ‘ब’चं जे मत होतं ते इथे लिहीत नाही. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एक जाडजूड इंग्रजी कोश. त्याचा पुठ्ठा कधीच गेला होता, पाठीला चिकटपट्टी होती. दुसरे शिक्षक पिशवीतून डबा काढतात, सर कोश काढायचे. डबा बहुधा विसरलेला असे.

मी नवा रुजू झालो तो जूनमध्ये. शहाद्याहून एस.टी.नं डोंगर चढून आलो तेव्हा पोटात जे काही होतं ते वाटेतच सातपुड्याला अर्पण झालेलं. शाळेच्या व्हरांड्यात टेकलो, तर हे गृहस्थ समोर उभे. विचारलं, “किती दिवस राहणार इथं?” सपाटीवरून आलेल्या प्रत्येक मास्तराला हा प्रश्न विचारायची तिकडे रीतच आहे, कारण बहुतेकांची एक नजर फळ्यावर आणि दुसरी बदलीच्या यादीवर असते. मी मोघम म्हणालो, “बघू सर, आधी जरा स्टेबल होतो.”

“तबेला होता?”

मला वाटलं, सरांना ऐकायला कमी येतं. मी मोठ्यानं म्हणालो, “नाही सर, स्टेबल, स्टेबल!”

“तेच म्हणतो. तबेला.” आणि सरांनी पिशवी खाली ठेवली.

पिशवी खाली आली की अर्धा तास गेला, हे पुढे सवयीनं कळलं. दोन्ही हात मोकळे झाल्याशिवाय सरांना व्युत्पत्ती सांगता येत नसे. डाव्या हातात शब्द असे, उजवा हात त्याची मुळं उपसत असे.

“इंग्रजीत स्टेबल दोन,” सर म्हणाले. “एक घोड्यांचा, एक माणसांचा. घोड्यांचा म्हणजे पागा, तबेला. माणसांचा म्हणजे स्थिर, न डगमगणारा. लोकांना वाटतं दोन वेगळे शब्द, योगायोगानं सारखे झाले. अजिबात नाही! दोन्हींची आजी एकच, लॅटिनमधलं ‘स्तारे’. उभं राहणं. ‘स्ताबुलुम’ म्हणजे जनावरानं उभं राहायची जागा आणि ‘स्ताबिलिस’ म्हणजे ज्याला उभं राहता येतं तो. आता आपल्याकडे या. धातू कुठला? स्था! स्थान, स्थिर, स्थावर. आणि घोडा बांधतात त्या जागेला मराठीत काय म्हणतात?”

मी विज्ञानाचा. मला घोडा फक्त हॉर्सपॉवरपुरता माहीत.

“ठाण! घोड्याचं ठाण. रोमन घोडा आणि मराठी घोडा एकाच धातूवर उभे आहेत, आणि तुम्ही म्हणता, बघू.”

इतकं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि ते वर्गावर गेले. त्या दिवसापासून सरांचं मुलांनी ठेवलेलं नाव मलाही आपसूक तोंडात बसलं. स्टेबल सर.

नाव दुहेरी लागू होतं. सर धडगावला आले होते ते दोन वर्षांसाठी. त्याला मी गेलो तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. सुरुवातीला त्यांनीही बदलीचे अर्ज केले, नाही असं नाही. पण अर्जाच्या छापील नमुन्यात इंग्रजीच्या दोन चुका होत्या. सर त्या लाल शाईनं दुरुस्त करून अर्ज पाठवत, आणि खाडाखोड असलेला अर्ज म्हणून तो परत येई. पुढच्या वर्षी तोच नमुना, त्याच चुका, तीच लाल शाई. त्यांची एकच बदली झाली. १ जुलै १९९८ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला तेव्हा सर खुर्चीतून न उठता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तिचा प्रवासभत्ता मिळत नाही.

गावही त्यांना साजेसंच मिळालं होतं. तालुका अक्राणी, मुक्काम धडगाव. सरकारी कागदावर अक्राणी, एस.टी.च्या पाटीवर धडगाव. नवा माणूस एकाच ठिकाणी दोनदा पोहोचतो. सर म्हणत, “इथं गावालाच दोन नावं, मग शब्दाला दोन अर्थ असले तर लोक का दचकतात?”

सरांनी त्या ‘उभं राहण्या’चं सगळं खानदान धुंडाळून ठेवलं होतं. स्टेट, स्टेशन, स्टॅच्यू, स्टेटस, स्टँड ही सगळी त्यांना चुलत-मावस भावंडं. हिंदीतलं अस्तबल तर, सर म्हणत, सासरहून माहेरी आलेली लेक. लॅटिनचं स्ताबुलुम ग्रीकांनी घेतलं, ग्रीकांकडून अरबांनी, अरबीतून ते फारसीच्या खांद्यावर बसून हिंदुस्थानात आलं आणि इथल्या ‘स्थान’ला भेटलं. दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही एवढंच. तबेला मात्र परका. तो अरबीतल्या लांब दोराच्या शब्दातून आला, घोड्यांची रांग ज्याला बांधत तो दोर. “म्हणजे बघा, पोरांनो,” सर वर्गात सांगत, “एका भाषेनं उभं राहणं पाहिलं, दुसरीनं बांधून ठेवणं.” पोरं खिडकीबाहेर पाहत. सर बोलायला लागले की बसायला सांगायचं विसरत, त्यामुळे पोरं उभी असत आणि बांधलेलीही.

हे सगळं वर्गात राहिलं असतं तर ठीक होतं. ते दवाखान्यात पोहोचलं.

वैशाख होता. त्या दिवसांत अख्खा डोंगर आमचुराच्या मागे असतो. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापायच्या, उन्हात वाळवायच्या. अंगण, छप्पर, खडक, जिथं ऊन तिथं आंब्याच्या फोडी. नर्मदेकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा या वयात आंब्यावर चढला आणि फांदीसकट खाली आला. बांबूला गोधडी बांधून त्याची झोळी केली, चौघांनी ती आळीपाळीनं खांद्यावर घेतली आणि डोंगर उतरून, चढून रस्त्याला लावली. तिथून जीप. दवाखान्यात आत नेलं, बाहेर वीस-पंचवीस माणसं उकिडवी बसली. तासाभरानं तरुण डॉक्टर बाहेर आले, घाईत म्हणाले, “पेशंट स्टेबल आहे, काळजी करू नका,” आणि परत आत गेले.

जमलेल्यांत इंग्रजी येणारा एकच. म्हाताऱ्याचा नातू, नववीपर्यंत सरांच्या हाताखालून गेलेला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आता यात पोराचा दोष नाही. सरांनी ‘स्टेबल’ शिकवायला घेतला तेव्हा पहिला अर्थ सांगून होईतो तास संपला होता, आणि दुसरा अर्थ ज्या दिवशी होता त्या दिवशी हा भोंगऱ्या बाजाराला गेला होता. त्यानं शिकल्याप्रमाणे इमानदारीनं सांगितलं, “आजाला तबेल्यात ठेवलंय.”

पुढे काय झालं ते मी स्वतः पाहिलं, कारण गलका ऐकून आम्ही शाळेतून धावलो. खाट मिळाली नाही म्हणून ढोराच्या जागेत टाकलं, अशी समजूत होऊन चौघे झोळीचा बांबू घेऊन दाराशी उभे. सिस्टर दारात हात पसरून उभ्या. डॉक्टर, “अहो, स्टेबल म्हणजे चांगलं असतं!” असं तीनतीनदा सांगत होते, आणि ते जितक्यांदा तो शब्द उच्चारत तितका बांबू पुढे सरकत होता. कुणीतरी म्हणालं, “गुरुजींना बोलवा.” गुरुजी आलेच होते. त्यांनी परिस्थिती पाहिली, नातवाचं भाषांतर ऐकलं, त्याच्या पाठीवर थाप मारली, “अर्थ बरोबर सांगितलास,” असं म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.

मी डोळे मिटून घेतले.

सर रोमपासून निघाले. ते कसेबसे ग्रीसच्या हद्दीत शिरत होते तोच म्हाताऱ्याची बायको उठली. चांदीचं कडं वर सारत ती सरांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, ते सगळं राहू द्या. तो उभा राहील का, तेवढं सांगा.”

सर थांबले. अर्ध्या वाक्यात थांबलेले सर मी त्याआधी पाहिले नव्हते. “उभा राहील का... अगं, तेच तर! शब्द तेच सांगतो. उभं राहणं! डॉक्टर तेच म्हणाले!”

“मग तसं बोलायचं ना आधीच,” म्हातारी म्हणाली आणि जाऊन आपल्या जागी बसली. बांबू भिंतीला टेकला. म्हातारा महिनाभरानं काठी घेऊन उभा राहिला, पुढच्या वैशाखात परत आंब्यावर चढल्याचंही ऐकलं. डॉक्टरांनी मात्र धसका घेतला. त्या दिवसानंतर ते कुठल्याही नातेवाइकाला एकच वाक्य सांगत, “पेशंट उभा राहील.” एकदा ते त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बापालाही सांगितलं.

सरांवर या प्रकरणाचा परिणाम झाला तो एवढाच की ते दवाखान्याला एक साधन समजू लागले. “शब्द तावूनसुलाखून निघतो तिथं,” म्हणत.

पण सर नेहमी जिंकत असं नाही. एकदा आठवीच्या वर्गावरून जाताना मी ऐकलं, सर हर्क्युलीसची गोष्ट सांगत होते. ऑजियस राजाचा गोठा, इंग्रजीत त्यालाही स्टेबलच म्हणतात. तीन हजार जनावरं आणि तीस वर्षं झाडलोट नाही. हर्क्युलीसनं काय केलं? अल्फियस आणि पिनियस या दोन नद्यांचे प्रवाह वळवले, गोठ्यातून सोडले, एका दिवसात सगळं स्वच्छ. सरांनी हातानं नदी वळवून दाखवली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “सर, त्या नद्यांच्या काठाला गावं होती का?”

“गोष्टीत नाहीत.”

“म्हणजे नव्हती, का लिहिली नाहीत?”

मुलगा नर्मदाकाठचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा मिळून महाराष्ट्रातली ३३ गावं आली, त्यांतल्या एका गावचा. बाप खाली वसाहतीत, मुलगा इथं मामाकडे. सरांच्या खांद्याला पिशवी होती. ती तशीच राहिली. म्हणाले, “लिहिली नाहीत. तुझं बरोबर आहे. बस.” त्या तासाला पुढे काही शिकवणं झालं नाही. सर खिडकीशी उभे राहिले आणि पोरांनी वहीत घोडे काढले.

तरी सरांना शब्दांतले घोडेच ठाऊक, असं मला वाटायचं. खरा घोडा त्यांनी जवळून पाहिला नसावा, अशी माझी खात्री होती. म्हणून मार्गशीर्षात मी म्हटलं, सर, सारंगखेड्याला जाऊ.

खानदेशातल्या माणसाला सारंगखेडा सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. शहादे तालुक्यात तापीच्या काठी हे गाव. एकमुखी दत्ताचं देऊळ. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि यात्रेत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात, त्यांच्यामागे शौकीन येतात, आणि शौकिनांमागे आमच्यासारखे नुसते बघे येतात. वरातीत नाचणारी घोडी तिथं हलगीवर पाय टाकून दाखवते, आणि तिच्या मालकाच्या चेहऱ्यावर नवरदेवाच्या बापाचे भाव असतात.

सर बाजारात शिरले आणि वेडे झाले. रांगेनं घोडे बांधलेले. पुढचा दोर आगाडी, मागच्या पायांचा दोर पिछाडी. तोबऱ्यातली चंदी खाण्याचा कुडुमकुडुम आवाज, खराऱ्याची खरखर, लिदीचा उबदार वास. “ठाण! ठाण! ठाण!” सर एकेका घोड्यापुढे बोट दाखवत निघाले. लोकांना वाटलं, सर किंमत लावताहेत. एका दलालानं तत्परतेनं रुमाल काढला. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी पद्धत आहे, कुणाला ऐकू जात नाही, दिसत नाही. सरांनी भाबडेपणानं हात रुमालाखाली घातला. दलालानं दोन बोटं दाबली. सरांनी सौजन्य म्हणून चार दाबली. नशीब, मी तिथंच होतो. सरांची पाच वर्षांची पेन्शन वाचवून मी हात बाहेर ओढला.

दलाल अहिराणीत म्हणाला, “भाऊ, घोडा लेवाले वनात का नुसतं बोलाले?”

“बोलाले,” सर प्रांजळपणे म्हणाले.

दलाल हसला. खानदेशी माणूस प्रांजळपणाला चहा पाजतो. चहा पिताना त्यानं आम्हाला घोडा बघायला शिकवलं. दातावरून वय, डोळ्यावरून स्वभाव, आणि सगळ्यांत आधी अंगावरचे भोवरे. गळ्यावरचा देवमण शुभ, तो असला की किंमत चढते. आणि कुठं केसांची लांबट, गोमेसारखी ओळ दिसली की गिऱ्हाईक हात मागे घेतं. घोडा कितीही देखणा असो, गोम आहे म्हणजे नको. मी आयुष्यभर ‘यात एक गोम आहे’ असं म्हणत आलो होतो. बँकेच्या कर्जाबद्दल म्हटलं होतं, लग्नाच्या एका स्थळाबद्दलही म्हटलं होतं. प्रत्येक वेळी मी घोड्याच्या अंगावरून हात फिरवत होतो, हे त्या दिवशी समजलं. सरांनी खिशातून वही काढली, गोम टिपून घेतली आणि दलालाला वाकून नमस्कार केला. इतका मान त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांनाही दिला नव्हता.

मग सरांना बंदोबस्तावरचा कॉन्स्टेबल दिसला.

बिचारा सकाळपासून उभा होता. सर त्याच्यापुढे गेले आणि पिशवी खाली ठेवली. यात्रेत अनोळखी माणूस पोलिसापुढे पिशवी ठेवतो म्हणजे काय! त्यानं काठी सावरली. सर म्हणाले, “तुमच्या हुद्द्याचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?”

“पिशवीत काय आहे?”

“कोश. कॉन्स्टेबल म्हणजे काय ठाऊक आहे? कोमेस स्ताबुली! तबेल्याचा सरदार!”

“कुणाला तबेल्यातला म्हणता?”

“तबेल्यातला नाही हो, तबेल्याचा! रोमन बादशहाचे घोडे ज्याच्या ताब्यात तो. आणि ज्याच्या ताब्यात घोडे त्याच्या ताब्यात फौज. फ्रान्समध्ये तुम्ही सगळ्या लष्कराचे सेनापती होता. १६२७ साली ते पदच रद्द केलं, इतके तुम्ही मोठे झाला होता.”

कॉन्स्टेबल जरा ताठ झाला. त्यानं टोपी नीट केली. “मग एवढं खाली कसं आलं?”

“घोडे गेले,” सर म्हणाले. “आणि तुम्हालाच का, तुमच्या हवालदारालाही तेच. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा, शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा. तुम्ही कोण?”

कॉन्स्टेबलनं विचार केला. “मोटरसायकल आहे. पण ती बायकोच्या नावावर आहे.”

यावर सरांच्या कोशात शब्द नव्हता.

तोवर कॉन्स्टेबल रंगात आला होता. समोरच्या ठाणावर एक कुमैत घोडा मान खाली घालून, एक मागचा पाय सैल सोडून स्तब्ध उभा होता. डोळे अर्धे मिटलेले. त्याच्याकडे काठी दाखवून तो म्हणाला, “ते बघा, उभ्यानं झोपलंय. आमच्यासारखंच, बंदोबस्ताला.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत एकदाच त्यांनी मला काही विचारलं, ते तेव्हा. “हे कसं जमतं त्याला?” मी सांगितलं. घोड्याच्या पायांत स्नायूबंधांची आणि सांध्यांची अशी रचना असते की सांधे जणू कुलूप लावल्यासारखे अडकतात, मग उभं राहायला जोर लागत नाही, डुलकी काढता येते. गाढ झोपेला मात्र त्यालाही आडवं व्हावं लागतं.

“आम्ही पौर्णिमा उलटल्यावर होऊ,” कॉन्स्टेबल म्हणाला.

सर बराच वेळ त्या घोड्याकडे पाहत उभे होते. “उभ्यानं झोपणारा प्राणी,” ते पुटपुटले, “म्हणून त्याच्या घराला लोकांनी नुसतं उभं राहायची जागा म्हटलं. निजायची नाही, बसायची नाही. उभं राहायची.” मला वाटलं, आता पिशवी. पण ती तर आधीच खाली होती.

परतीच्या बसमध्ये कुणाच्या तरी हातात वर्तमानपत्र होतं. त्यात ‘स्थिर सरकार’ आणि ‘घोडेबाजार’ हे दोन्ही शब्द एकाच मथळ्यात. सरांना एवढं पुरलं. सरकार कुणाचं होतं ते सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. सर अख्ख्या बसला सांगू लागले की सरकार स्टेबल व्हायचं तर आधी घोडेबाजार भरतो, हे भाषेच्या दृष्टीनं अगदी रास्त आहे, स्टेबलला घोडे लागतातच. मात्र सारंगखेड्यात विकला गेलेला घोडा नव्या ठाणावर उभा राहतो, तुमचा संध्याकाळी जुन्या मालकाकडे चंदी खायला परत येतो. शिवाय नाव ठेवतात आघाडी. अरे, नुसत्या आगाडीनं घोडं कधी थांबलंय? पिछाडीही बांधावी लागते, नाहीतर लाथा कोण खाणार? मागच्या सीटवर एका पक्षाचा कार्यकर्ता होता, तो उठून म्हणाला, “सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?” सर म्हणाले, “उभ्याच्या.” तो पुढे ‘उभ्या’ नावाचा कुणी उमेदवार आहे का याची चौकशी करत होता.

सर निवृत्त झाले ते जुलैअखेर. निरोप समारंभाला हेडमास्तरांनी लिहून आणलेलं भाषण वाचलं. छान चाललं होतं. सतार, समई, चंदन सगळं येऊन गेलं. शेवटच्या परिच्छेदात त्यांच्या तोंडून निसटलं, “आमच्या शाळेतली सर्वांत स्टेबल व्यक्ती.” सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सरांची पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. ती खाली ठेवायला ती आधी काढावी लागली, तेवढ्या अवधीत हेडमास्तरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

मुलांनी सरांना मातीचा घोडा दिला. आमच्याकडे देवाला वाहतात तसा, भाजलेला, लाल. केला होता त्या नद्यांच्या मुलानं. तो आता दहावीत होता. घोडा झोकदार होता, मान उंच, कान टवकारलेले. गोम म्हणाल तर एकच, मागचा डावा पाय बोटाच्या पेरानं आखूड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना पोहोचवायला एस.टी. स्टँडवर गेलो. पाऊस मी म्हणत होता. चांदसैली घाटात दरड कोसळलेली, त्यामुळे बस शहाद्याकडून येणार, कधी येणार ते कुणी सांगेना. सरांचं एकूण सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, खांद्यावर पिशवी आणि हातात घोडा. त्यांनी घोडा ट्रंकेवर ठेवला. तो कलला. पुन्हा ठेवला, पुन्हा कलला. मग सरांनी ट्रंक उघडली, आत लाल शाईनं दुरुस्त केलेल्या बदलीच्या अर्जांची चळत होती. त्यातला एक काढला, त्याची चौपदरी घडी केली, ट्रंक बंद करून ती घडी घोड्याच्या आखूड पायाखाली सरकवली. घोडा उभा राहिला.

आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो. बोलणं फारसं झालं नाही. छपरावरून पाण्याची धार लागली होती, तिच्या पलीकडे बाजारच्या बाया पोलकी आवळून, डोक्यावर टोपल्या घेऊन जात होत्या. कुणी थांबून “गुरुजी, जाताय?” विचारत होतं. सर मान हलवत होते.

अकराच्या सुमारास बस आली, ती चिंब आणि खच्चून भरलेली. मी ट्रंक टपावर चढवायच्या तयारीला लागलो. सर घोडा छातीशी धरून दाराशी गेले. कंडक्टरनं आतून हात आडवा केला, ओळखलं, आणि अदबीनं म्हणाला, “सर, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण बसायला जागा नाही. स्टँडिंग यावं लागेल.”

सरांनी पिशवी खाली ठेवली.